टांगलेल्या वजनकाट्याची घालमेल

मित्रांनो, या जगात खरा न्याय करणारे दोघेच. एक वर बसलेला आणि दुसरा मी, टांगलेला. माझ्यापुढे लहानथोर सारखेच! माझ्या पहिल्याच निवाड्यात आरोपीने न्यायासन ओलं केलं. आरोपी अजून रांगतही नव्हता. तेव्हापासून मी मोठं बोलणं सोडलं.

मी बाळांचं वजन करणारा जुना वजनकाटा. वर हूक, मधे तबकडी, खाली लोंबणारी कापडी चड्डी. पापुआ न्यू गिनीतल्या सिंबूच्या डोंगरात, चर्चजवळच्या सुरूच्या फांदीला दवाखान्यातली सिस्टर आग्नेस मला महिन्यातून एकदा टांगते. बाळं पाय झाडतात आणि माझा काटा थरथरतो. स्वस्थ बसणं माझ्या स्प्रिंगला ठाऊकच नाही.

एरवी मी शेजारच्या माइमाच्या घरात तुळईला लटकत असतो. माइमाकडे तेव्हा दोन जीव वाढत होते. एक त्याची दीड वर्षाची मुलगी रुती आणि दुसरं डुकराचं पिल्लू. धाकट्या भावाच्या लग्नात इथल्या रीतीप्रमाणे ते पिल्लू मुलीकडच्यांना द्यायचं होतं, म्हणजे साऱ्या कुळाची अब्रू त्याच्या पाठीवर. माइमा त्याला उकडलेलं रताळं, कोवळा पाला आणि कुटलेले शेंगदाणे भरवी. रुतीला नुसतं रताळं. पोट भरलं की झालं!

एके सकाळी त्याने पिल्लाला माझ्या चड्डीत बसवलं. काटा पुढे सरकला तशी दारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग तो रोजचाच सोहळा झाला. रुती चुलीपाशी बसून असे. खरं तर तिने एव्हाना घरभर धावायला हवं होतं. मी वर नुसता थरथरत होतो. मित्रांनो, कुणीतरी टांगल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

सिस्टर आली. रुतीला टांगलं. काटा मागच्या महिन्याच्याच खुणेवर.

"बारीक हाडाची आहे," माइमा म्हणाला. "माझ्यावर गेलीय."

"तुझ्यावर?" त्याची आई गाग्मा म्हणाली. "दारातून आधी तुझं पोट आत येतं, मागाहून तू!"

लोक हसले. माइमा चिडला. "मग काटाच बिघडलाय! थांबा, दाखवतो." आणि पिल्लू आणून त्याने सगळ्यांसमोर टांगलं.

मित्रांनो, मी आयुष्यात एवढा धावलो नव्हतो.

हसणं थांबून कुजबुज सुरू झाली. पिल्लू मात्र खुशीत फुरफुरत होतं.

"काटा ठीक आहे, दादा," सिस्टर म्हणाली. "डुकराचं यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी भरून निघेल. पोरीची पहिली दोन वर्षं गेली की गेली. उंची खुंटते, डोकं मागे पडतं. शाळेत मागे, मळ्यात मागे. आणि उद्या तिची पोरंही अशीच."

माइमा पुटपुटला, "पण पिल्लू लहान दिसलं तर लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतायत ते ऐकलंस ना?" गाग्मा म्हणाली आणि पिल्लासाठी आणलेली कुटाची वाटी तिने त्याच्या हातातून काढून घेतली.

त्या दिवसापासून रुतीच्या रताळ्यात शेंगदाण्याचं कूट, पाला आणि अंडं पडू लागलं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. माइमाची गत आता माझ्यासारखीच झाली, त्यालाही स्वस्थ बसवेना. सकाळी टांग, दुपारी टांग. "आई, हलला का गं काटा?"

"अरे, पोर आहे की घंटा? सारखी काय लटकवतोस!"

पुढच्या महिन्यात काटा सरकला. फार नाही, नखभर. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माइमा वाकून तबकडीकडे बघत राहिला आणि रुतीने त्याच्या नाकावर सणसणीत लाथ मारली. तिच्या पायांत जोर आला होता. नाक चोळत तो कितीतरी वेळ हसत होता.

लग्नात पिल्लू जरा लहानच दिसलं. नवरी तरीही आली.

मित्रांनो, बाळ गप्प बसतं म्हणून त्याला गुणी म्हणू नका. त्याच्या वाटीत काय आहे ते बघा आणि वेळच्या वेळी मला विचारा. मी आता गंजलोय. मला मान नको, तेल नको. एकच मागणं आहे. माइमा अजूनही पिल्लांना माझ्यातच बसवतो. बाळाला बसवण्याआधी तेवढी ती चड्डी धुऊन घ्या.