वल्ह्याची थाप

इरावती नदीच्या मधल्या धारेत कोळीण न्वे यीनं होडीच्या कडेवर काठी वाजवली. टक टक, टक टक. ओठांत बापाचं गाणं.

ये गं पंखतुटके, पाणी कापीत ये गं
तुझं पोट भर, माझं जाळं भरून दे गं

आणि ती आली. करडी, गोल डोक्याची, पाठीवरचा पंख तुटलेली डॉल्फिन, कुशीला पिल्लू. तिनं मासळी होडीकडे हाकायची, शेपटी उडवून 'टाक आता' म्हणायचं, जाळ्यातून निसटेल ते खायचं. बापाच्या बापापासूनची ही भागीदारी.

न्वे यी जाळं उचलणार तोच बांबूच्या बेटामागून बॅटरीच्या करंटनं मासळी मारणाऱ्या बॅटरीवाल्यांची इंजिनहोडी निघाली. पुढ्यात त्यांचा म्होरक्या को थाउंग, हातात तार गुंडाळलेला दांडा.

"काय ताई, मैत्रीण आली वाटतं! हाकू दे तिला. मासळी गोळा झाली की आम्ही करंट सोडतो. अर्धा माल तुझा."

"आणि ती?"

"मेली तर मेली. तुला काय तिचं लग्न लावायचंय?"

मागचे खिदळले. को थाउंगनं दांडा पलीकडच्या काठाकडे रोखला.

"पलीकडच्या म्हाताऱ्यानं नको म्हटलं, तर होडी जाळली त्याची. ठाऊक आहे ना?"

"आहे की, दादा. धूर आमच्या चुलीपर्यंत आला होता."

पाण्याखाली मासळी चमकू लागली. पंखतुटकी इमानानं घेरा आवळत होती, पिल्लाला शिकवत, थेट त्या तारेकडे.

बापानं एकच गोष्ट बजावली होती. वल्हं पाण्यावर कधी आपटू नकोस, पोरी. आपटलंस तर मग काठी फुटेस्तोवर वाजव, ती तुझ्या होडीकडे फिरकायची नाही.

न्वे यीनं वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि आडवं हाणलं.

थाप! पुन्हा थाप!

शेपटी एकदा झळकली, मग नुसती वर्तुळं. मासळी चौफेर उधळली.

"वेडी झालीस? स्वतःच्या पोटावर पाय दिलास!"

"माझाच पाय, माझंच पोट. तुला का कळ आली?"

त्यांनी तिचं जाळं ओढून घेतलं, चाकूनं फाडलं, धारेत भिरकावलं आणि डॉल्फिनच्या मागावर इंजिन खालच्या अंगाला वळवलं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून थाप ऐकू आली. बिनहोडीचा म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात अर्धं जळलेलं वल्हं. मग खालच्या घाटावरून एक थाप. त्याच्याही खालून आणखी एक. इंजिन जाईल तिथं थाप त्याच्या पुढे.

न्वे यीनं काठी होडीच्या तळाशी ठेवली आणि वल्हं पुन्हा उगारलं.

जा गं पंखतुटके, लांब पाणी गाठ गं
रितं माझं जाळं, तरी ताठ माझी पाठ गं