न ऐकलेली बातमी

बिंदुमाधव घोट्याला पट्टी गुंडाळत होता, तेवढ्यात ब्रह्माघाटावरचे ढुंढिराजकाका दारात येऊन उभे राहिले. ‘या’ म्हटलं तरी उंबरा ओलांडेनात.

“काशीनाथराव, पुण्याहून तार...”

“थांबा!” वडिलांनी हात वर केला. “कोण गेलं ते मला सांगू नका. कानावर पडलं नाही तोवर मला सुतक नाही. विलायतेच्या बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचा अभिषेक आहे, कलेक्टरसाहेब यायचेत. बिंदूला सांगा.”

आपल्याही कानावर पडू नये म्हणून आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

बिंदुमाधवची बोटं पट्टीवरच थांबली. त्याच महोत्सवाच्या फुटबॉल स्पर्धेत आज बनारसचा अंतिम सामना होता, सिलोनच्या संघाशी. संघात डाव्या बाजूने धावणारा तो एकटाच.

“मग मलाही संध्याकाळी सांगा, काका. बस, शाम तक.”

“चामड्याच्या गोळ्यासाठी सुतक चुकवतोस?” वडील म्हणाले.

“आणि तुम्ही कशासाठी, बाबा?”

“मी देवापुढे बसतोय. सांगा हो ढुंढिराज, घरात एकाने तरी पाळायला नको?”

ते देवघरात गेले आणि जोरजोरात घंटा वाजवू लागले. त्या आवाजात ढुंढिराजकाकांनी खालमानेने सांगून टाकलं. पुण्याचे मोठे काका गेले. वडील लहानपणी पोरके झाले तेव्हा त्यांना वाढवणारे, त्यांचे सख्खे थोरले भाऊ.

बिंदुमाधवने पट्टी सोडली. दुर्गाघाटावर बुडी मारून आला आणि ओल्या धोतराने ओसरीच्या कोपऱ्यात बसला. संघातली मुलं बोलवायला आली.

“मला शिवू नका. सुतक आहे.”

“अरे, हमको छूत-वूत कुछ नहीं. चल!” एकाने हात पुढे केला.

त्याने पाय पोटाशी घेतले. मुलं त्याला सोडून मैदानाकडे गेली.

दुपारभर तो मनात एकच वाक्य घोटत राहिला: तुमचा भाऊ गेला, आणि तुम्ही घंटा वाजवत होतात.

दिवेलागणीला तीच मुलं गल्लीतून मुकाट्याने परतली. मागोमाग वडील आले. खांद्यावर नवी शाल, हातात नारळ.

“साहेब खूश झाले,” ते त्याच्यापासून जरा लांब उभे राहत म्हणाले. “तुझे लोक हरले म्हणे. जाऊ दे, खेळच तो. हं, आता सांग. कोणी लांबचंच असेल ना?”

बिंदुमाधवने मान वर केली. वाक्य ओठांवर आलं होतं. आत आई पाट मांडत होती. अभिषेकासाठी वडील सकाळपासून उपाशी होते.

“आधी जेवून घ्या,” तो म्हणाला.