रांगेतला मेंढा

इलारियोने सुरी दगडावर घासली, अंगठ्याने धार पाहिली आणि विचारलं,

"दाजी, मेंढा कुठाय?"

"कसला मेंढा?" सातुर्निनो कुंपणाच्या फाटकाला पाठ लावून उभा होता. "माझ्याकडे अल्पाका आहेत. आणि ओझी वाहणारा एक लामा, तोही म्हातारा."

"आणि तो?"

कुंपणाआड अल्पाकांच्या लांब मानांमध्ये एक आखूड मान दिसत होती.

"तोही अल्पाकाच."

"शिंगं आहेत त्याला!"

"असतात एखाद्याला."

"दाजी, उद्या माझ्या बहिणीच्या वर्षश्राद्धाचं जेवण. सगळं गाव येणार. अल्पाका गाभण, त्यांना हात लावायचा नाही. वाडग्यात मटण नसलं तर लोक काय म्हणतील? बायकोसाठी एक मेंढा कापायला ह्याच्या जिवावर आलं!"

सातुर्निनो फाटकावरून हलला नाही. बाकीची मेंढरं बायकोच्या, बासिलियाच्या, दुखण्यात विकली गेली होती. हा उरला, कारण ह्याला विकायला ती तयार नव्हती. ह्याची आई मेली तेव्हा बासिलियाने ह्याला चुलीपाशी वाढवला होता आणि मग अल्पाकांच्या पिल्लांत सोडून दिला होता. सातुर्निनोचं आणि ह्याचं कधीच जमलं नाही. रोज सकाळी मेंढा त्याला मागून ढुशी द्यायचा आणि सातुर्निनो त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

"मेंढरू लेंड्या कुठे टाकतं?" त्याने विचारलं.

"कुठेही. चालता चालता."

"मग बघ."

कोपऱ्यात अल्पाकांचा लेंड्यांचा ढीग होता. सगळ्यांचा मिळून एकच. दोघी-तिघी तिथे रांग लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे मेंढा. पुढची बराच वेळ लावत होती. मेंढा थांबला. नंबर आल्यावर ढिगावर चढला आणि समोर बघत त्याने आपलं काम उरकलं.

"देवा रे," इलारियो म्हणाला. "आमचा धाकटासुद्धा एवढा थांबत नाही."

हसतच तो आत शिरला आणि त्याने मेंढ्याचं शिंग धरलं. सातुर्निनोने तोंड फिरवलं.

पण काहीच आवाज झाला नाही.

मेंढ्याच्या कानात लाल लोकरीचा गोंडा होता, अल्पाकांच्या कानात बांधतात तसाच. त्याला हिरव्या धाग्याची गाठ. इलारियोने आपल्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. तोही लाल, हिरव्या काठाचा. बहिणीने विणलेला.

त्याने शिंग सोडलं आणि सुरी फडक्यात गुंडाळली.

"दाजी, तुमच्या ह्या अल्पाकाची मान जरा आखूडच राहिली."

"वाढेल," सातुर्निनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुकवलेल्या बटाट्यांचं सूप आणि चीज वाढलं गेलं. घरात सगळ्यांत थोरली एउदोसियाआत्या. तिने वाडग्यात चमचा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला.

"मटण कुठाय?"

"दाजींकडे मेंढरूच नाही, आत्या," इलारियो उठून म्हणाला. "सगळे अल्पाकाच."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "बेंऽऽऽ."

सगळ्यांचे चमचे थांबले. सातुर्निनो वाडग्यात बघत राहिला. आत्याने कान देऊन ऐकलं, मग चमच्यातल्या सूपावर फुंकर घातली.

"एका अल्पाकाला सर्दी झालेली दिसते," ती म्हणाली. "रात्री चुलीपाशी घेत जा रे त्याला. बासिलिया घ्यायची."