दिसेनाशी झालेली लाल रेघ

प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीत दिवसभर पिवळा उजेड असतो. साध्या उजेडात आमचं रसायन नको तिथे घट्ट होतं, म्हणून दिवे पिवळे आणि खिडक्यांच्या काचाही पिवळ्या. आत गेलं की कोट, कागद, माणसं सगळं मधात बुडाल्यासारखं दिसतं. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, याचा विसर पडतो.

तिथे मी सर्किट बोर्डावर प्रकाशाच्या वाटा बनवते. तांब्याच्या रेघेऐवजी केसाएवढी बारीक, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. तिच्यातून प्रकाशाने इकडचा निरोप तिकडे न्यायचा. पण पट्टीच्या कडा जराशा खडबडीत राहिल्या तरी प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो. आणि सांडतो तेव्हा काय देखणा दिसतो! लाल प्रकाश सोडला की अख्खी वाट तेवत राहते. मी फोनवर आईला त्या लाल रेघेचं इतकं कौतुक सांगितलं, की शेवटी ती बघायलाच आली.

आई मोजकं बोलणारी. मी घर सोडलं तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तिने पिशवी हातात दिली आणि पाठ फिरवली. अजूनही प्रत्येक प्रवासानंतर मी फोन करते, ती म्हणते, "पोचलीस ना? मग झालं," आणि ठेवून देते. मला भयंकर राग येतो. तुझ्यावाचून करमत नाही, एवढं एकदा तरी म्हणावं की तिने!

नेमकं त्याच आठवड्यात आमचं काम जमलं. माझ्या सहकाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. त्याने पट्टी पक्की करण्याआधी तिला भट्टीत अगदी हळूहळू ऊब दिली. कडा मऊ झाल्या आणि आपोआप गुळगुळीत होऊन बसल्या. प्रकाश सांडायचा थांबला. आणि रेघही दिसेनाशी झाली.

"काकूंना जुनीच दाखव," सावकाश माझ्या कानाशी म्हणाला. "नवीत बघण्यासारखं आहे काय?"

मलाही मोह झाला. बाहेर अंधार पडल्यावर जुनी पट्टी लावून दिवे मालवले. अंधारात लाल रेघ उमटली.

"छान आहे," आई म्हणाली. शेजारणीच्या नव्या पडद्यांना म्हणते तसं.

मला राहवेना. "आई, ही फसलेली आहे गं. हिच्यातला प्रकाश वाटेतच संपतो. खरी दाखवते, थांब."

नवी लावली. सगळा मिट्ट काळोख.

"चालू केलंस?"

"केलं."

"मला तर काहीच दिसत नाही."

"वाटेत दिसला म्हणजे सांडला, आई." मी चाचपडत तिचा हात धरला आणि पट्टीच्या टोकाशी नेला. तिच्या तळहातावर लख्ख लाल ठिपका उमटला.

ती कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने दुसऱ्या हाताचं बोट अंधारातल्या वाटेवरून, न टेकवता, मागे मागे नेलं. जिथून प्रकाश निघाला होता तिथपर्यंत.

"पोचला ना?" नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली. "मग झालं."

इतकी वर्षं फोनवर हेच ऐकून मी चिडत आले होते.

'सावकाश' दिवे लावायला निघाला. "राहू दे रे जरा," मी म्हणाले. मी आईचा हात सोडला नाही, आणि तिनेही तो काढून घेतला नाही.