तेल वर, पाणी खाली

मी अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमागची म्हातारी टाकी बोलतेय. माझ्या गोष्टीचा शेवट वळखून दाखवा! नाय जमायचं. भल्याभल्यांना माझ्या पोटातलं कळलं नाय, तुमचं काय घेऊन बसलात!

माझं काम सोपं. सर्किटच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यातनं तांब्याचं हिरवं पाणी यायचं. ते माझ्यात ओतायचं, वरनं रॉकेल. रॉकेलात एक औषध असायचं, ते तांब्याला मिठीच मारायचं. माझ्या पोटातला पंखा फिरवायचा, थांबवायचा, अन् मला गप बसू द्यायचं. तांबं घेऊन तेल वर, रिकामं पाणी खाली. खालचं पाणी नळातनं सोडून दिलं अन् तेलात ॲसिड घातलं, की औषध मिठी सोडायचं अन् तांबं निळंशार होऊन खाली उतरायचं. तेल परत कामाला मोकळं.

पण गप बसू देतील ती माणसं कसली! शेठ धनराज सारखा माझ्या काचेवर टकटक करायचा. मीबी मग त्याच्या पांढऱ्या प्यांटीवर एक फवारा सोडायची. निळे ठिपके घेऊन घरी जायचा मुडदा!

मला सांभाळायचा बुधा, पेठ तालुक्याच्या डोंगरातला. दर साली बायको झुंबरबाईला घेऊन दिंडोरीला द्राक्षबागांत मजुरीला जाणारा, बागांचं काम सरलं की इथं रोजंदारीवर. अठ्ठ्याण्णव साली शेठ त्याला म्हणाला, "दसऱ्यानंतर पुण्याचे साहेब टाकी बघायला येणारेत. त्यांचं काम मिळालं तर तुला कायम करतो."

बुधा हरखला. खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुजायची रीत. एरवी मला नुसतं पाणी मारायचा, त्या दिवशी साबणाची पुडी घेऊन आला. "झुंबरनं दिली गं तुझ्यासाठी! साहेब येनार हायेत, चकाचक व्हय!" घासघास घासलं. वर झेंडूची माळ, हळदकुंकू. नवरीच केली माझी! पण साबण ऱ्हायला सांध्यात अन् नळात.

साहेब आले. पंखा फिरला, थांबला. काचेत बघतात तर ताक! साबणानं तेलपाणी एकजीव केलेलं.

"बसंल शेठ, जरा दम धरा," बुधा म्हणाला.

"किती धरू? फिरव परत!"

परत फिरवलं, आणखी घट्ट झालं. शेठनं बांबूनं ढवळलं, लाथ घातली. अरे मेल्या, गप बसू दे की मला! पण टाकीचं ऐकतो कोण? साहेब चहा पिऊन गेले, ते गेलेच.

"काय घातलंस रे आत?"

"साबन, शेठ. पूजेचं व्हतं म्हून."

"नीघ. उद्यापासून दिसू नको."

मग माझ्याकडं कुणी फिरकलंच नाय. पयल्यांदा मी निवांत बसले. आठवड्यानं शेठ भंगारवाल्याला घेऊन आला, तर तेल वर, पाणी खाली, अन् मधी रेघ अशी, जशी सुतारानं सूत धरून मारली!

"आयला! आता बसली? आता साहेब कुठून आणू?"

भंगारवाल्यालाबी मी नको झाले. शेडमागं पालापाचोळा पोटात घेऊन उभी हाय. एकच मागणं, कुणाला ढवळलंत, तर मग जरा गप बसू द्या.

अन् शेवट? शेठ बुडाला म्हणाल. छ्या! त्यानं दुसरा धंदा काढला. बुधा अन् झुंबरबाई मात्र परत बागेत गेली, अजून जातात. साबणाची ती पुडी झुंबरबाईनं दसऱ्याचं लुगडं धुवायला राखली व्हती. लुगडं तिनं राखेनं धुतलं.