ऊर्मीचे दहा लाडू

चेन्नईत वाढणारी आमची पोरं. आई मराठीत ओरडली की उत्तर तमिळमध्ये देतात. म्हणून अण्णा नगरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी मंडळाचा मराठी वर्ग भरतो, आणि तो विद्युलता घेते. सहामाहीच्या उजळणीसाठी तिनं एक खेळ काढला होता. प्रत्येकानं घरून खाऊचे दहा नग आणायचे. डब्यासमोर चिठ्ठ्या, एका बाजूला मराठी शब्द, मागं गणित. शब्द वाचा, गणित सोडवा, खाऊ घ्या आणि आपल्या कार्डावर डब्याच्या मालकाकडून एक फूल काढून घ्या. मुलं अकरा, म्हणजे प्रत्येकाची फुलं दहा.

खेळ छान होता हो. नासवला तो मोठ्यांनी.

विद्युलताच्या सासूबाई महालक्ष्मीबाई मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्षा. त्यांनी सकाळी सातलाच, वर्गातल्या ऊर्मीची आई सोडून, बाकी सगळ्या आयांना फोनवर निरोप धाडला होता : ‘ऊर्मीच्या डब्यातलं मुलांनी खाऊ नये. कारण समजून घ्यावे.’ कारण सगळ्यांना बरोबर समजलं! ऊर्मीचे वडील बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले. महालक्ष्मीबाईंनी दोन महिने गोड बोलून त्यांचं गाव, कुलदैवत, आजोळ सगळं काढून घेतलं होतं आणि शेवटी एका नातेवाइकाकडून जात शोधून काढली होती.

“माणसं चांगली आहेत, मी नाही कुठं म्हणते?” त्या सुनेला म्हणाल्या. “पण त्यांच्या हातचं आपल्यात चालत नाही. अद्वयला सांगून ठेवलंय मी.”

विद्युलता तेव्हा मुलाच्या, अद्वयच्या डब्यात शंकरपाळी भरत होती. तिला ते मुळीच पटलं नाही. पण नवरात्र चार दिवसांवर आलेलं, घरात उगाच वाद कशाला, असं म्हणून ती गप्प बसली. शिकलेली बाई, दुसऱ्यांच्या मुलांना शहाणपण शिकवणारी, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तोंडातून शब्द फुटला नाही. मला तिचा राग येतो तो इथं.

दहा वाजता खेळ सुरू झाला. मुलं आलटूनपालटून बसत होती, फिरत होती. ऊर्मी तिसरीतली, दोन वेण्या घातलेली. तिच्यासमोर रव्याचे दहा लाडू मांडलेले होते. पहिल्या पाच मिनिटांत कोणी आलं नाही, तेव्हा तिनं चिठ्ठ्या नीट लावल्या. मग डबा थोडा पुढं सरकवला. एक मुलगी आली, लाडवाकडं बघून थबकली आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या आईकडं बघून निघून गेली.

अद्वयचं कार्ड सगळ्यात आधी नऊ फुलांनी भरलं. उरला होता एकच डबा.

“ये ना अद्वय,” ऊर्मी म्हणाली, “सोप्पं गणित देते तुला.”

“वेण्डाम,” तो मान हलवत म्हणाला. “मला नको. आजी ओरडेल.”

विद्युलता चार हातांवर उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पाठ फिरवून ती फळ्यावर रकाने आखू लागली.

शेवटी फळ्यावर हिशेब मांडायचा होता : किती आणले, किती दिले, किती उरले, आणि खाली त्याबद्दल एक पूर्ण वाक्य. एकेक मूल आलं. ‘१० – १० = ०. माझी शंकरपाळी संपली.’ ‘१० – १० = ०. माझ्या चकल्या सगळ्यांना आवडल्या.’ शेवटी ऊर्मी आली. टाचा उंचावून तिनं सुबक अक्षरात लिहिलं :

‘१० – ० = १०. माझ्या आईला चांगले लाडू करता येत नाहीत.’

एकाही मुलानं लाडू चाखला नव्हता, आणि त्या पोरीनं दोष दिला होता आईला.

“अगं, मुलांची पोटं भरली असतील!” आयांबरोबर मागं बसलेल्या महालक्ष्मीबाई हसून म्हणाल्या. “पुढच्या वेळी चिवडा आण हं, बाळ. चला, आवरा आता.”

तेवढ्यात ऊर्मीची आई, कीर्ती, तिला न्यायला जिना चढून वर आली. घामानं निथळत होती, पण चेहरा हसरा. “काय गं, संपले का लाडू?”

ऊर्मी खाली बघत राहिली. कीर्तीनं आधी डबा पाहिला, मग फळा वाचला. तिचं हसू मावळलं. ती हळूच लेकीला म्हणाली, “तूप कमी पडलं वाटतं गं. माझंच चुकलं.”

तिला सगळं कळलं होतं. मुलीला कळू नये म्हणून ती खोटं बोलत होती.

आता मात्र विद्युलताला राहवलं नाही. “नाही कीर्ती, तुझं काही चुकलेलं नाही,” ती मोठ्यांदा म्हणाली. “आज सकाळी आमच्या घरातून निरोप गेला, ऊर्मीचं खाऊ नका म्हणून. मी तो वाचला आणि गप्प बसले. लाज वाटते मला.”

“विद्युलता!” महालक्ष्मीबाई उठल्या. “आणखी एक शब्द बोललीस, तर नवरात्रात माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.”

“नाही टाकणार, आई.”

विद्युलता फळ्याकडं गेली. तिनं ऊर्मीचं वाक्य पुसलं आणि तिथं लिहिलं : ‘आम्ही ऊर्मीचे लाडू खाल्ले नाहीत, कारण आम्ही तिची जात पाहिली.’ मग मुलाकडं वळून म्हणाली, “अद्वय, वाच.”

अद्वयनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शेवटाकडं अडखळला. आठ वर्षांचं पोर ते, शब्द नवा होता त्याला.

“अम्मा, जात म्हणजे काय?”

“आजीला विचार. इथंच विचार, सगळ्यांसमोर.”

तो चालत आजीपुढं जाऊन उभा राहिला. “आजी, जात म्हणजे काय गं? ऊर्मीची कुठं दिसते?”

महालक्ष्मीबाई पदर सावरून पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. बाकीच्या आया मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या. ऊर्मीसुद्धा आता मान वर करून उत्तराची वाट बघत होती.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी त्या दोन पोरांच्या डोळ्यांत बघून उत्तर द्याल?