पेन्योचे स्वर्गातले लेख

रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव वाचनालयात घुसायचं. त्या रविवारीही बाकं भरली, मग लोक खिडक्यांत बसले. भिंतीवरच्या पडद्यावर गावाचा ब्लॉग, आणि पुढे प्लोवदिव शहराहून आलेल्या, मेलेल्यांशी बोलणाऱ्या मादाम झेनिया डोळे मिटून डोलतायत.

"पेन्यो, ये! चाळीस दिवस आत्मा गावातच फिरतो... सिग्नल येतोय!"

बाराचे टोल पडले आणि पडद्यावर नवा लेख उमटला. खाली नाव पेन्योचं. मधमाश्यांवर दर रविवारी लिहिणाऱ्या या पेन्योला आम्ही गेल्या महिन्यातच पुरलं होतं. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"त्याचा जीव मधमाश्यांच्या पेट्यांत अडकलाय," मादाम त्याच्या बायकोला, रुस्काला पुन्हा म्हणाल्या. "त्या मला द्या, म्हणजे सुटेल."

संध्याकाळी पेट्या न्यायला गाडी येणार होती. रुस्काचं घर त्या मधाच्या पेट्यांवरच चालतं, तरी ती कबूल झाली होती.

कुणीतरी लेख मोठ्याने वाचला. "आज लिंडन फुललाय, माश्या वेड्या झाल्यात!"

माझ्या संगणकवर्गातली इस्क्रा खिडकीबाहेर बघत होती. "बाई, यंदा थंडी लांबलीय, लिंडनच्या झाडावर नुसत्या कळ्याच आहेत की! पेन्यो आजोबांना वरून दिसत नाही?"

"आत्म्याला ऋतू नसतो, पोरी," मादाम म्हणाल्या.

"मग 'आज' कशाला लिहिलं?"

हशा पिकला. मी म्हटलं, "इस्क्रा, परवा शिकवलेलं करून दाखव."

तिने वाचनालयाच्या संगणकावर काहीतरी लिहिलं, वेळ नेमली, संगणक बंद केला. "मादाम, आता गप्प बसायचं हं!"

थोड्या वेळाने सगळ्यांच्या मोबाइलवर ब्लॉगमध्ये नवा लेख आला: 'मी इस्क्रा. मी जिवंत आहे. मला भूक लागलीय.'

"लेख आधी लिहून त्याला तारीख-वेळ देता येते," मी म्हटलं. "दवाखान्यात जाण्यापूर्वी पेन्योने तेच केलं. लिंडनचा अंदाज तेवढा चुकला. मादामनी फक्त घड्याळ पाहिलं. या ब्लॉगचं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं, ते कुणीही उघडून वाचू शकतं. मादाम, तुमचा सिग्नल उघडून दाखवता?"

मादामना एकाएकी परतीची बस आठवली.

रुस्का हळूच म्हणाली, "म्हणजे तो बोलत नाहीये?"

"बोलतोय गं. जाण्याआधी बोलून ठेवलंय त्यानं."

तिने डोळे पुसले. "मग गाडीवाल्याला नको म्हणून सांगा. पेट्या हलणार नाहीत."

पुढच्या रविवारी मादाम नव्हत्या. बारा वाजता लेख मात्र आला.

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघा. लिंडन खरंच फुललाय का?